शुद्धतेचें सोवळें आणि नर्तकाची वाट

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील सुशिक्षित घरांत नृत्याविषयीं दोन मतें मोठ्या आत्मविश्वासानें मांडलीं जातात. एक असें कीं, भरतनाट्य किंवा कथक शिकणारी मुलगी आपली संस्कृति राखते. दुसरें असें कीं, ‘समकालीन नृत्य’ म्हणून जें कांहीं चाललें आहे, तें परदेशांतून उसनें आणलेलें अंगविक्षेपांचें प्रदर्शन होय. पहिल्या मताशीं आमचें भांडण नाहीं. दुसरें मत मात्र आम्हांस अज्ञानमूलक वाटतें. आणि ज्या मुलामुलींना या कलेची खरी ओढ आहे, त्यांच्या बाबतींत तें घातकहि ठरतें. म्हणून त्याची थोडी झडती घेणें अवश्य आहे.

प्रथम ‘शुद्ध’ नृत्य म्हणजे काय, तें पाहूं. अलारिपूपासून तिल्लान्यापर्यंत भरतनाट्याचा जो क्रम आज रंगमंचावर दिसतो, त्याची घडी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार बंधूंनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बसविली. त्यांना आश्रय होता तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांचा. हे तंजावरचे भोसले कोण? सिंदखेडच्या लखुजी जाधवांचे जांवई शहाजीराजे. त्यांचे दुसऱ्या राणीपासून झालेले पुत्र व्यंकोजी यांनीं ती गादी स्थापिली. ज्या सिंदखेडराजास जिजाऊंच्या जन्मस्थानीं आपण माथा टेकतों, तेथल्या सोयरिकीचा धागा असा थेट त्या नृत्यसभेपर्यंत जाऊन पोहोंचतो. त्या दरबारांत तेलुगु पदें, तामिळ नट्टुवनार आणि मराठी राजा एकत्र नांदत होते. नृत्यासाठीं मराठींत रचिलेलीं सरफोजीराजांचीं निरूपणें आपल्या काळांत आचार्य पार्वतीकुमार यांनीं पुन्हां रंगमंचावर आणिलीं. त्याच सुमारास व्हायोलिन हें विलायती वाद्य दाक्षिणात्य संगीतांत शिरलें. त्याच्या आरंभीच्या वादकांत खुद्द वडिवेलूंची गणना होते. पुढें ज्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं या नृत्यास प्रतिष्ठित घरांचीं दारें उघडून दिलीं, त्यांनीं नृत्याचे पहिले धडे घेतले ते रशियन नर्तकी अ‍ॅना पाव्हलोव्हा हिच्या सहवासांत, बॅलेचे. जी वस्तु अशा मिश्रणांतून घडली, तिच्याच नांवानें मिश्रणाचा धिक्कार करणें हा न्याय विचित्र नव्हे काय?

आतां या वादांत ज्या नर्तकाची साक्ष आम्ही निर्णायक मानतों, त्याच्याकडे वळूं. अस्ताद देबू यांचा जन्म १९४७ सालीं नवसारीस एका पारशी घरांत झाला. बालपणीं त्यांना कथकाचे धडे मिळाले. मुंबईंत वाणिज्य शाखेचें शिक्षण झाल्यावर १९६९ सालीं एका मालवाहू जहाजानें ते निघाले, आणि पुढें मिळेल त्या वाहनानें युरोपांत पोहोंचले. लंडनमध्यें त्यांनीं मार्था ग्रॅहॅमची पद्धति अभ्यासिली, न्यूयॉर्कमध्यें होझे लिमोनची. जर्मनींत पिना बाऊश यांच्या नृत्यसंस्थेशींहि त्यांचा संबंध आला. ते एवढ्यावरच थांबते, तर प्रतिपक्षाचें म्हणणें कदाचित् टिकलें असतें. पण मायदेशीं परतल्यावर, तिशी गांठलेल्या वयांत, हा जगभर हिंडलेला मनुष्य केरळांत तिरुवल्ला येथें ई. के. पणिक्कर यांच्यापाशीं कथकळी शिकावयास बसला. ज्या वयांत इतर नर्तक शिष्य जमवूं लागतात, त्या वयांत त्यानें पुन्हां शिष्यत्व पत्करलें. याला उसनवारी म्हणावयाचें असेल, तर विद्या कशास म्हणावयाचें?

त्यांच्या नृत्यांत गिरकी कथकाची ओळख सांगे आणि मुद्राभिनय कथकळीची. पण सर्वांवर छाप होती ती त्यांच्या स्वतःच्या संथ, संयमी गतीची. मणिपुरच्या पुंग चोलोम नर्तकांसह त्यांनीं रचना केल्या. कोलकाता आणि चेन्नई येथील कर्णबधिर मुलांना त्यांनीं नृत्य शिकविलें. ज्यांना तबल्याचा ठेका ऐकूं येत नाहीं, त्यांच्या अंगीं लय कशी बाणवावी, या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि एका घराण्याच्या पोथींत लिहिलेलें नव्हतें. तें अनेक परंपरा पचविलेल्या मनुष्यासच शोधतां आलें. १९९५ सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २००७ सालीं पद्मश्री हे सन्मान त्यांना मिळाले; १० डिसेंबर २०२० रोजीं मुंबईंत त्यांचें निधन झालें.

प्रतिपक्षाच्या आक्षेपांत तथ्य मुळींच नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. दूरचित्रवाणीवरील स्पर्धांतून ‘कंटेम्पररी’ या नांवाखालीं ज्या कोलांट्या दाखविल्या जातात, त्यांतील पुष्कळ पोकळ असतात. पण तो दोष परकेपणाचा नव्हे, उथळपणाचा होय. अपुऱ्या तयारीवर मुलीचें अरंगेत्रम् उरकून घेऊन त्याचीं छायाचित्रें आप्तेष्टांस पाठविणें, हाहि तोच दोष. केवळ तो रेशमी वस्त्रांत असल्यामुळें आपणांस दिसत नाहीं.

आणि संस्कृतिरक्षणाचा एवढा अभिमान असेल, तर आम्ही आणखी एक प्रश्न विचारतों. शेगांवहून गजानन महाराजांची पालखी पंढरपुरास निघते, तेव्हां टाळमृदंगाच्या ठेक्यावर पडणारीं वारकऱ्यांचीं पावलें. होळीस बंजारा तांड्यांवर रंगणारी लेंगी. सातपुड्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आदिवासींचीं सामूहिक नृत्यें, हें सारें या जिल्ह्यांतलेंच धन आहे. खामगांव, मलकापूर, चिखली येथल्या किती सुशिक्षित घरांनीं आपलीं मुलें तें शिकावयास पाठविलीं? शाळेच्या स्नेहसंमेलनांत मात्र तींच मुलें चित्रपटगीतांवर नाचतात, आणि आपण पहिल्या रांगेंत बसून टाळ्या वाजवितों. तेव्हां परकेपणाची आठवण कोणास होत नाहीं. ती होते, एखादा मुलगा किंवा मुलगी ‘मला हेंच शिकावयाचें आहे, आयुष्यभर’ असें म्हणते तेव्हां!

तेव्हां वाद देशी-विदेशीचा नाहीं. नृत्यास वेळ घालविण्याचें साधन मानावयाचें कीं विद्या मानावयाची, हा खरा वाद आहे. विद्या मानावयाची असेल, तर नर्तकास त्याच्या कलेचें कुलगोत्र विचारूं नये. कोणापाशीं शिकलास, किती वर्षें शिकलास आणि त्यांतून स्वतःचें काय उभें केलेंस, एवढेंच विचारावें. या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्याच्यापाशीं आहेत, त्याची वाट कथकावरून लंडनला जावो कीं तांड्यावरून तिरुवल्ल्यास जावो, ती अडविण्याचा अधिकार आम्हां पालकांस पोहोंचत नाहीं.