रानांतील भुतें आणि आपल्या मुलांचा खेळ

हल्लीं मुलांमध्यें एक नवीन तऱ्हेचा खेळ रूढ होऊं लागला आहे. अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें तो प्रथम प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून त्याचे नानाविध प्रकार निघाले. एक खेळाडू सूत्रधार होतो व एका काल्पनिक देशाचें वर्णन करतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर बनून त्या देशांत संचार करतात. जयापजय फाशांच्या दानावर ठरतो. या खेळांतील मुलांचा विशेष आवडीचा भाग म्हणजे राक्षसांनीं व्यापलेलें निर्जन अरण्य. त्याचा नकाशा काढावयाचा, गुहा, दलदली व पडके किल्ले दाखवावयाचे, आणि कोठें कोणता अक्राळविक्राळ प्राणी राहतो तें ठरवावयाचें.

हा काळाचा अपव्यय आहे, असें कित्येक पालकांस वाटतें. माझें मत तसें नाहीं. ज्या खेळांत मुलें एकत्र बसतात, बोलतात व कल्पना लढवितात, तो खेळ वाईट म्हणतां यावयाचा नाहीं. माझा आक्षेप निराळा आहे. या खेळांतील अरण्यांत राक्षस बहुधा मारला जाण्याकरितांच उभा असतो. त्यास मारावें, त्याची गुहा लुटावी, आणि मारलेल्या राक्षसांच्या हिशेबानें आपलें सामर्थ्य वाढवावें, असा त्याचा मूळचा रिवाज आहे. रानाकडे पाहण्याची ही दृष्टि आपल्या मुलांस लागूं नये, असें मला वाटतें.

आपल्या अलोरे गांवच्या भोंवतालचाच प्रदेश पाहा. पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे. कुंभार्ली घाट चढून गेलें कीं कोयनेचें खोरें लागतें, आणि तेथील अभयारण्य २०१० सालापासून सह्याद्रि व्याघ्र प्रकल्पाचा भाग झालें आहे. आज कोळकेवाडीचें धरण व येथील वीजगृह यांच्या दिव्यांनीं रात्र उजळते. परंतु वीज येण्यापूर्वीं हेंच रान आपल्या आज्यापणज्यांनीं नकाशावांचून, केवळ गोष्टींच्या आधारें, बारकाईनें आंखून ठेविलें होतें. पिंपळावर मुंजा, डोहांत गिऱ्हा, शिवेवर देवचार, आडरानांत वाटसरूला रात्रभर फिरविणारा चकवा, आणि या सर्व भूतगणांचा राजा वेताळ. आर. ई. एंथोव्हेन यांनीं १९१५ सालीं कोंकणांतील लोकसमजुतींवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत अशा भुतांची मोठीच यादी आहे. त्या ग्रंथांतील पुष्कळशी माहिती गांवोगांवच्या शाळामास्तरांनीं लिहून पाठविली होती, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस तरी अभिमानाची वाटावी.

या यादीकडे नीट पाहिलें असतां एक गोष्ट ध्यानांत येते. आपल्याकडील भूत वाटेल तेथें राहत नाहीं. त्यास ठाणें आहे व त्याचा कांहीं नियम आहे. खोल डोह, गांवाची शीव, जुना वृक्ष, देवाचें रान, अशा ज्या ज्या ठिकाणीं माणसानें जपून वागावें, तेथें तेथें कोणी तरी बसविलेला आहे. कांहींना तर लोक सरळ ‘राखणदार’ असेंच म्हणतात. त्यांस मारावें असें गोष्टींत कोणी सांगत नाहीं. त्यांची वेळ चुकवावी, त्यांचा मान ठेवावा व आपल्या वाटेनें जावें, इतकेंच सांगतात.

याचें फळ म्हणजे आपल्या देवराया. डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत सह्याद्रींतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचें महत्त्व विद्वानांच्या नजरेस आणून दिलें. कित्येक देवरायांतून वाळकी फांदीही घरीं नेण्यास लोक भीत असत. म्हणूनच तेथें बेहड्यासारखीं प्रचंड झाडें टिकलीं, आणि त्यांच्या ढोलींत महाधनेशासारखा पक्षी घर करूं शकतो. त्याची मादी अंडीं घालण्याच्या वेळीं स्वतःस ढोलींत कोंडून घेते, दार लिंपते, आणि नर कित्येक आठवडे एका चिंचोळ्या फटींतून तिला फळें भरवितो. कोणत्या खेळांतील काल्पनिक प्राणी याहून नवलाचा आहे?

मग ती भीति परत आणावी काय? मुळींच नाहीं. त्या भीतीची किंमत दुबळ्या लोकांनीं फार दिली आहे. आजारी मुलाला वैद्याऐवजीं भगताकडे नेलें गेलें. निराधार स्त्रियांस चेटकीण ठरवून छळण्यांत आलें. असल्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्र राज्यास २०१३ सालीं कायदा करावा लागला, आणि तो योग्यच झाला. भीतीचा अंधार ज्ञानानेंच जातो. चकव्याचेंच उदाहरण घ्या. जर्मनींतील शास्त्रज्ञांनीं २००९ सालीं प्रयोगानें दाखविलें कीं, सूर्यचंद्र झांकले गेले व खूणगांठ उरली नाहीं, म्हणजे सरळ चालल्याच्या समजुतीनें मनुष्य वर्तुळांत फिरूं लागतो. आपल्या आजोबांचा अनुभव खोटा नव्हता. कारण तेवढें निराळें निघालें. तसेंच महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर पाहा. कोंकणांतील लाल विंचवाचा दंश पूर्वीं अनेकांचा प्राण घेत असे. त्यांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून लक्षणें टिपलीं, प्राझोसिन या औषधाचा उपयोग केला, आणि मृत्यूचें प्रमाण पुष्कळच खालीं आणलें. खरा वीर तो हाच. त्यानें प्राणी मारला नाहीं. प्राण्याचें विष समजून घेतलें.

परंतु भीति गेली तेव्हां तिच्याबरोबर मर्यादाही जाऊं लागली, ही आजची खरी अडचण आहे. रत्नागिरी जिल्ह्यांत सरकारी वन थोडें व बहुतेक रान खासगी मालकीचें. जेथें कुऱ्हाड उगारतांना पूर्वीं हात कांपत असे, तेथें आज ठेकेदार सौदा करून जातो व एका उन्हाळ्यांत डोंगर उघडा पडतो. मुंजा उठून गेला ही इष्टच गोष्ट झाली. पण पिंपळही त्याच्यामागून जावा काय? भुताच्या जागीं आतां आपली समजूत राखणदार म्हणून बसली पाहिजे. ती न बसेल, तर आपण अंधश्रद्धेंतून सुटलों असें म्हणण्यांत फारसा अर्थ नाहीं.

म्हणून विद्यार्थ्यांनो, तुम्ही हा खेळ अवश्य खेळा. पण एकदां आपल्याच रानाचा नकाशा काढून पाहा. त्यांतील प्रत्येक प्राण्यापुढें तो कशाची राखण करतो, हें लिहा. जो वीर त्याचा नियम ओळखील त्यास वाट मिळावी, आणि जो नुसती तलवार उपशील त्याच्यामागें डोह आटावा, झरा सुकावा, असा दंडक घाला. असा खेळ अधिक कठीण होईल आणि, माझी खात्री आहे, अधिक रंगेल.

पालकांसही एक विनंति आहे. मूल भुताविषयीं विचारील तेव्हां ‘भूतबीत कांहीं नसतें’ असें म्हणून त्यास गप्प करूं नका, व जेवत नाहीं म्हणून बागुलबुवाही दाखवूं नका. घरांतील वडील माणसांकडून आपल्या वाडीच्या गोष्टी मुलांस ऐकूं द्या. अमक्या झाडाखालून तिन्हीसांजेस कां जात नसत, तमक्या डोहांत कां उतरत नसत, हें त्यांस विचारूं द्या. मग एके दिवशीं सकाळीं त्यांस त्या झाडापाशीं घेऊन जा व तेथें काय काय राहतें तें दाखवा. ह्या गोष्टी सांगणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. येत्या सुटींतच हें काम हातीं घ्यावें, हें बरें.