माझ्या आजोबांचं नाव यादीत नाही

२५ जानेवारीच्या रात्रीपासून माझा फोन वाजायला लागतो. मेसेज दर वर्षीचाच. इंडिया गेटवर म्हणे हजारो स्वातंत्र्यसैनिकांची नावं कोरलेली आहेत आणि त्यातली निम्म्याहून जास्त मुसलमानांची आहेत. खाली हिरवे-केशरी बदाम, आणि 'प्रत्येक देशबांधवापर्यंत पोहोचवा'. पाठवणारे सगळे आपलेच. भाचा, मशिदीच्या कमिटीतले चाचा, माझ्यासारखेच निवृत्त मास्तर.

मेसेज खोटा आहे. इंडिया गेट इंग्रजांनी बांधलं. १९२१ साली पायाभरणी, १९३१ साली उद्घाटन. पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात इंग्रजांच्या फौजेतून लढताना मेलेल्या सैनिकांचं ते स्मारक आहे. इंग्रज सरकार आपल्याच विरुद्ध लढणाऱ्यांची नावं दिल्लीत दगडावर कशाला कोरेल, एवढा साधा प्रश्न कुणालाही पडत नाही. मागच्या वर्षी मी भाच्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मामू, जाऊ द्या ना. आपल्या फायद्याचंच आहे."

फायदा कसला, हे मला विचारायचं आहे.

मी सोलापूरचा. आमच्या गावाला याद्या शिकवायची गरज नाही. १९३० च्या मे महिन्यात इथे इंग्रजांना मार्शल लॉ पुकारावा लागला होता. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चार सोलापूरकरांना फाशी दिली. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. चौघांना एकाच दिवशी. आता फोनवर फिरणाऱ्या याद्या बघा. त्यात कुर्बान हुसेन असतात, एकटेच. बाकीचे तिघे गळालेले असतात. उरलेले तिघे दुसऱ्या कुणाच्या तरी यादीत जातात, तिथे कुर्बान हुसेन नसतात. जे काम इंग्रजांच्या फाशीला जमलं नाही ते आपण अंगठ्याने करतो आहोत.

आणि माझे आजोबा? ते गिरणीत बदली कामगार होते. लहानपणी मी दादीला मोठ्या उत्साहाने विचारलं होतं, मार्शल लॉमध्ये दादा कुठे होते? ती बिड्या वळत होती. हात न थांबवता म्हणाली, "घरमेंच थे बाबा. डर लगता नई क्या? पेट पालना था." मला फार लाज वाटली होती. वर्गात सांगण्यासारखं काहीच हाती लागलं नव्हतं. आज त्या लाजेचाच मला राग येतो. शेजारच्या गल्लीतले माझ्या मित्राचे आजोबाही तेव्हा घरातच होते. त्याला कधी कुणी विचारलं नाही.

देशातली बहुतेक माणसं तेव्हा घरातच होती. पेट पाळत होती. संविधान लिहिणाऱ्यांना हे माहीत होतं. नागरिकत्वाची कलमं २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली, प्रजासत्ताक व्हायच्या दोन महिने आधी. कलम ५ वाचून बघा. इथे कायम वास्तव्य, आणि जन्म इथला, किंवा आईबापांपैकी एकाचा जन्म इथला, किंवा आधीची किमान पाच वर्षं इथे राहिलेला. संपलं. तुरुंगात कोण गेलं, फासावर कोण चढलं, नमाज कोण पढतं, यातलं काही विचारलेलं नाही. माझे घाबरलेले आजोबा त्या कलमाने नागरिक झाले, आणि कुर्बान हुसेन यांच्या घरच्यांइतकेच पूर्ण नागरिक झाले.

नंतर कायदा सरकत गेला. १९५५ च्या कायद्यात इथे जन्म पुरेसा होता. १ जुलै १९८७ पासून आई किंवा बाप नागरिक असावा लागला. २००४ मध्ये अट आणखी घट्ट झाली. आणि २०१९ मध्ये, पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्यांसाठी, कायद्यात धर्मांची नावं आली. सहा धर्म, आणि त्यात आपला नाही. प्रश्न हळूहळू 'तू कुठे जन्मलास' वरून 'तू कुणाचा' इथवर आला. त्या सरकण्याविरुद्ध आपण शाहीनबागेच्या दिवसांत रस्त्यावर बसलो, हातात उद्देशिका धरून. आणि त्याच हातांनी आपण 'आम्ही या या हुतात्म्यांचे वारस' असा मेसेज पुढे ढकलतो. म्हणजे 'कुणाचा' हा प्रश्न आपण मान्यच केला की! फक्त उत्तर चांगलं द्यायचं ठरवलं.

मला माहीत आहे, यावर काय म्हणाल. पाठ्यपुस्तकांतून नावं जात असतील तर आपण ती जपायची नाहीत का? जपायचीच. कुर्बान हुसेन माझ्या नातीला माहीत असलेच पाहिजेत, पण तितकेच जगन्नाथ शिंदेही. युसुफ मेहेरअली शिकवा, ते मुंबईचे महापौर होते, 'क्विट इंडिया' ही घोषणा त्यांच्याकडून आली म्हणूनही शिकवा. इतिहास म्हणून शिकवा. भाड्याच्या खोलीसाठी ओळखपत्र म्हणून खिशात ठेवू नका, चालत नाही ते. माझ्या मुलाला पुण्यात खोली शोधताना आडनाव ऐकल्यावर तीन ठिकाणी 'आत्ताच गेली' असं उत्तर मिळालं. चौथ्या ठिकाणी त्याने अब्दुल हमीदांचं परमवीर चक्र सांगायचं होतं का?

आमच्या वसाहतीत झेंडावंदन असतं. 'मुसलमानांचं योगदान' या विषयावर बोलायला दहा वर्षांपासून मलाच उभं करतात, आणि मीही छाती फुगवून बोलत आलो. ती चूक माझी. यंदा अध्यक्षांचा फोन आला तेव्हा म्हटलं, बोलतो, पण मागच्या गल्लीतल्या गटारीवर बोलतो, दोन पावसाळे ती तुंबलेली आहे, आणि त्या गल्लीत कर तर सगळेच भरतात.

ते हसले. म्हणाले, "तेही बोला ना मास्तर. पण आधी तुमच्या हुतात्म्यांवर दोन शब्द होऊन जाऊ द्या."

तुमच्या, म्हणाले. माणूस चांगला आहे, म्हणूनच लिहिलं.