समुद्राची सुपीकता

नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ अर्पण करतात व भरल्या जाळ्यांची आशा बाळगतात. त्या आशेमागे निसर्गाचा जो हिशेब आहे, तो शहरवासीयांनीही समजून घेतला पाहिजे, असे आम्हांस वाटते. मासळीचा भाव बाजारात ठरतो. तिचे पीक मात्र वारा, प्रकाश व पाणी यांच्या मेळावर अवलंबून असते.

पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत वाऱ्याचा ओघ काहीसा दक्षिणेकडे वळलेला असतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागावरील पाणी त्या वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर सरकते आणि त्याची जागा खालचे थंड पाणी घेते. या पाण्यात नत्र, स्फुरद व सिलिका विपुल असतात. त्यावर सूक्ष्म वनस्पतिप्लवक वाढतात आणि त्यांवर तारलीसारखी मासळी पोसली जाते. केरळच्या किनाऱ्यावर हा प्रभाव विशेष जाणवतो.

परंतु खत मिळाले की पीक आलेच, असे शेतात घडत नाही आणि समुद्रातही नाही. ढगाळ दिवसांत प्रकाश अपुरा पडतो. पाणी फार घुसळले गेले तर प्लवक अंधारात ओढले जातात. गोव्याच्या किनाऱ्यावर तर पावसाच्या गोड्या, हलक्या पाण्याचा थर वर पसरतो व खालचे सकस पाणी अनेकदा पृष्ठभागापर्यंत पोहोचू देत नाही.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. न खाल्लेले प्लवक मरून तळाशी जातात आणि कुजताना प्राणवायू संपवितात. मुळात वर येणाऱ्या पाण्यातच प्राणवायू कमी. त्यात ही भर. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या किनाऱ्याच्या उथळ तळाशी प्राणवायू जवळजवळ नाहीसा होतो. ही अवस्था तीव्र होत आहे व खतांतून येणारा नत्र त्यास कारण असू शकेल, असे डॉ. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. त्यावर मतभेद आहेत, आणि ते मोजमापांनीच मिटतील, घोषणांनी नव्हे.

ही मोजमापे चिकाटीचे काम आहे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून कांदोळीजवळच्या समुद्रात केलेल्या निरीक्षणांचे मोल यासाठीच मोठे. कोकण किनाऱ्यावरही अशी नित्य निरीक्षणे व्हावीत आणि त्यांचे निष्कर्ष मच्छीमार संस्थांपर्यंत मराठीतून पोहोचावेत, असा आमचा आग्रह आहे. शेतांतील जादा खत व शहरांचे सांडपाणी यांची अंतिम जागा समुद्र होय, या समजुतीलाही आता रजा दिली पाहिजे. अतिपोषण म्हणजे समृद्धी नव्हे. दर्याला श्रीफळ अर्पण करणाऱ्या समाजाने त्याच दर्यात आपला मळ ओतावा, ही विसंगती फार काळ परवडणारी नाही.