किल्लारीचे रुंद रस्ते

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादची जमीन हादरली आणि आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. घात केला तो घरांनीच. चिखलात रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि माळवदावरची मणामणाची माती झोपेत अंगावर आली. त्यानंतर किल्लारीसह ५२ गावं नव्या जागी वसवली. नवी घरं भक्कम असावीत यावर पुष्कळ विचार झाला. दोन घरांच्या मधल्या जागेवर मात्र फारच थोडा झाला, आणि गाव तर तिथेच राहतं.

मराठवाड्यातला जुना वाडा रस्त्याकडे पाठ करून बसे. दारातून आत शिरलं की ढाळज, तिथे पुरुषांची बैठक, तिच्यापलीकडे चौक. बाईचा सगळा दिवस त्या चौकात जाई. निवडणं-टिपणं, न्हाणी, लेकरं, शेजारणीशी बोलणं, सगळं परक्या नजरेपासून आड. नव्या वसाहतीत आखीव चौकोनी प्लॉट पडले, शहरातल्या कॉलनीसारखे, आणि घराचं दार थेट रुंद रस्त्यावर उघडलं. जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट जागेवर गाव पसरलं. म्हाताऱ्या माणसाला पाराची सोबत लांब पडली. बाईला तर अंघोळीपासून सगळ्यालाच आडोसा शोधावा लागला. मग लोकांनी मिळेल त्या पत्र्याने, दगडाने कुंपणं घातली आणि आपला चौक पुन्हा उभा करायला घेतला. त्याला कुणी बेशिस्त बांधकाम म्हटलं तर मला राग येतो. मूळ नकाशातली चूक ही माणसं स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करत होती.

त्याहून मोठी चूक घराच्या आकारात होती. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. भूकंपाने सगळ्यांना एकाच रात्रीत उघड्यावर आणलं होतं. सरकारने सातबारा पाहून पुन्हा पायऱ्या लावल्या. जुन्या गावाचे गोडवे मला गायचे नाहीत. त्याच्या गावकुसाने, वेगळ्या पाणवठ्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना बाहेर ठेवलं. म्हणूनच कोऱ्या माळावर गाव आखताना ती रेघ पुसायची संधी होती. त्याऐवजी सारख्या आकाराच्या घरांच्या रांगा जिथे एकत्र लागल्या, तिथे मजुराची वस्ती नकाशावरच निराळी उठून दिसली.

याच पुनर्वसन कार्यक्रमाचा दुसरा भाग मला अधिक शहाणा वाटतो. हजाराहून अधिक गावांत लोकांनी सरकारी मदत घेऊन आपली घरं जागच्या जागी दुरुस्त केली, मजबूत केली. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बाया संवाद सहायक, म्हणजे गावकरी आणि सरकार यांच्यातला दुवा, झाल्या. बांधकामाचं बोलणं गवंडी आणि इंजिनीअर यांच्यापुरतं उरलं नाही. खिडकी कुठे हवी, मोरी कुठे, हे ठरवताना त्या घरात राबणारी बाई समोर उभी होती.

भूकंपानेच गावं जातात असं नाही, दरडींनीही जातात: माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३. डोंगर खचत राहणार आणि गावं हलवावी लागणार. पुढच्या वेळी एवढं तरी करा: नवी जागा मिळाली की तिच्यावर आधी फक्कीने घरं, गल्ल्या, पार, पाणवठा आखा आणि वस्तीतल्या बायकांना त्यातून चालू द्या. त्या जिथे अडतील तिथली रेघ पुसून नवी ओढा. बांधकामाची निविदा त्यानंतर काढा.