तुलसीच्या घरी बिल गेट्स, आणि आपल्या घरी?

दिवाळीला माहेरी गेलं, की पंचवटीतल्या आमच्या घरी रात्री साडेदहाला एक नियम पाळावा लागतो. वहिनी आणि टीव्ही यांच्या मध्ये कुणी उभं राहायचं नाही. हा नियम तसा जुनाच. ३ जुलै २००० ला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली तेव्हा वहिनी नवी सून होती, सासूच्या मागे भिंतीला टेकून बसून मालिका बघायची. पुढे भारनियमनाचे दिवस आले. ऐन रंगात वीज गेली, की दुसऱ्या दिवशी गच्चीवर पापड वाळत घालताना शेजारणीकडून ‘पुढे काय झालं’ ते ऐकायचं. ६ नोव्हेंबर २००८ ला मालिका संपली. २९ जुलै २०२५ ला ती पुन्हा सुरू झाली, तोवर वहिनी स्वतः सासू झाली होती आणि भिंतीला टेकून बसायला आता माझी भाचेसून होती. सातवा महिना लागलेली.

आणि त्याच दिवाळीच्या दिवसांत, ऑक्टोबर २०२५ मध्ये, तुलसी विराणीच्या घरात चक्क बिल गेट्स आले! म्हणजे व्हिडिओ कॉलवर. तुलसी एका गर्भवतीला तब्येतीचे चार शब्द सांगते, त्याची चित्रफीत सगळीकडे पसरते आणि त्याची दखल घेत थेट अमेरिकेतून गेट्ससाहेब बोलायला येतात. नमस्कार-चमत्कार होतात आणि विषय निघतो तो आई आणि नवजात बाळ यांच्या आरोग्याचा. सासू-सुनांच्या मालिकेत असा प्रयोग कुणाच्या स्वप्नातही आला नसेल.

मी तर फसकन हसलेच. वहिनी रागावली. म्हणाली, “हसायला काय झालं वन्सं? चांगलंच सांगतोय की तो.”

पुढचे चार-आठ दिवस जिथे जाईन तिथे याच भागाची चर्चा. भिशीत, भाजीच्या रांगेत, सिन्नरच्या मैत्रिणीच्या फोनवर. आणि सरळ दोन तट पडले होते. एक तट म्हणत होता, दिवसभर राबून घटकाभर करमणुकीला बसावं, तर तिथेही शाळा! आणि इतका मोठा माणूस गोड बोलायला आणला म्हणजे खरं वाटतं का? मोबाइलवर तर टिंगलीचा पाऊस पडला. दुसरा तट म्हणत होता, अहो, नेहमीची कारस्थानं, विषाचे पेले आणि कानाखाली आवाज यापेक्षा हे काय वाईट? निदान बाळंतपणाचा विषय बैठकीच्या खोलीत सगळ्यांसमोर निघाला.

काहींचा आक्षेप आणखी वेगळा होता. तुलसीचं काम करणाऱ्या स्मृती इराणी २०१९ ते २०२४ या काळात केंद्रात महिला व बालविकास मंत्री होत्या. त्यामुळे ही मालिका की प्रचार, असं काहींना वाटलं. उलट कुणी म्हणालं, ज्या खात्याकडे पोषणाचा कारभार होता त्या खात्याच्या माजी मंत्र्याने हा विषय मांडला, तर बिघडलं कुठे? माझ्या ओळखीच्या एक अंगणवाडीताई मात्र दोन्ही तटांत बसेनात. त्या म्हणाल्या, “टीव्हीवर पोषणाचं कौतुक बघून बरं वाटलं ताई. पण डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही मानधनासाठी संपावर बसलो, दीड महिना उलटून गेला, तेव्हा आमचं कुणी इतकं कौतुकाने ऐकलं नाही.” यावर काय बोलणार?

खरं सांगायचं तर मालिकेतून शिकवण देण्याचा हा खटाटोप आपल्याकडे नवा नाही. आपल्यापैकी ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांना ‘हम लोग’ आठवत असेल. ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर ती सुरू झाली. त्यामागची कल्पना मेक्सिकोतून आली होती. तिथे मालिकांमधून कुटुंबनियोजनासारखे विषय लोकांच्या गळी उतरवले जात होते. त्या वेळचे नभोवाणी मंत्री, आपले वसंत साठे, मेक्सिकोला जाऊन आले आणि असं काही आपल्याकडेही व्हावं असं त्यांनी मनावर घेतलं. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत, ते तर कोण विसरेल!

पण गंमत पुढेच आहे. सुरुवातीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार झाला आणि लोक कंटाळले. तक्रारी आल्या. मग उपदेशाचं पाणी कमी केलं, बडकी, मझली, छुटकी यांच्या सुखदुःखाला जागा दिली आणि मालिका घराघरांत पोचली. प्रेक्षकांनी नाकारलं ते औषध नव्हतं, ते देण्याची रीत होती. पुढे २०१४ मध्ये दूरदर्शनवर ‘मैं कुछ भी कर सकती हूं’ आली. तिची नायिकाच डॉक्टर होती, त्यामुळे आरोग्याचे प्रश्न तिच्या रोजच्या जगण्यातच होते. बाहेरून पाहुणा आणावा लागला नाही.

मग वाटतं, विषय तरी खरंच इतका निकडीचा आहे का? आकडे बघितले तर दिलासाही मिळतो आणि धास्तीही वाटते. तुलसीचं पहिलं पर्व चालू होतं त्या काळात, २००४ ते २००६ मध्ये, देशात दर एक लाख जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या. महाराष्ट्रात १३०. २०१८ ते २०२० पर्यंत हाच आकडा देशात ९७ वर आणि महाराष्ट्रात ३३ वर आला. हे आपोआप झालं नाही. २००५ पासून गावोगाव आशाताई आल्या, जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यात बाळंतपणं वाढली. पण त्याच देशात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक गर्भवतींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत पोचू लागली, पण पोचते ती फिकुटलेलीच.

हे मला आकड्यांत वाचायची गरज नव्हती. त्या रात्री ती माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाचेसुनेला सहज विचारलं, “तुझं हिमोग्लोबिन किती गं?” ती घुटमळली. मग हळूच म्हणाली, “आठ पॉइंट चार.” गर्भवतीचं अकराच्या खाली गेलं की रक्तक्षय, सातच्या खाली गेलं तर फारच गंभीर. लोहाच्या गोळ्या कुठे आहेत विचारलं, तर कपाटातल्या डब्यात पाकिटं जशीच्या तशी! पोटात मळमळतं, शौचाला काळी होते, म्हणून तिने सोडल्या होत्या. आणि वहिनीचंही ऐकलं होतं, की त्या गोळ्यांनी बाळ काळं होतं. चौदा-पंधरा वर्षं शिकलेली मुलगी, वर्षानुवर्षं तुलसी बघणारी सासू, आणि डब्यात न उघडलेल्या गोळ्या.

दुपारी पंगत बसली. आधी पुरुष, मग मुलं, मग आम्ही पाहुण्या, मग वहिनी आणि सगळ्यात शेवटी ती. डाळ तळाला गेलेली, भाजी संपलेली. ती निमूटपणे पोळी-लोणचं घेऊन बसली. यात कुणी दुष्ट नव्हतं हो. वहिनीही पंचवीस वर्षांपूर्वी अशीच शेवटी बसायची. आणि मी? मीही माहेरवाशीण म्हणून आयतं ताट घेतलंच होतं की!

तेव्हा मला त्या भागाबद्दल दोन्ही तटांचं म्हणणं थोडं थोडं पटलं. दुसरा तट बरोबर होता, कारण गर्भवतीच्या आरोग्याचं पत्रक आजवर नेहमी गर्भवतीच्याच हातात दिलं जातं. पण ताटात काय पडणार, तपासणीला कधी जायचं, रिक्षाला पैसे कोण देणार, हे ठरवतात घरातले इतर. साडेदहाला टीव्हीसमोर बसतात त्या सासवा. त्यांच्या कानावर हा विषय जाणं मोलाचंच. वहिनीने आरोग्य खात्याची जाहिरात लागली असती तर चॅनेल बदललं असतं. तुलसीसमोर मात्र ती गप्प बसून ऐकत होती.

पण पहिला तटही अगदी चूक नव्हता. कारण ऐकून वहिनीने “चांगलं सांगतोय” म्हटलं आणि सकाळी पंगतीचा क्रम तोच राहिला. अमेरिकेतला मोठा माणूस बोलला की ती गोष्ट मोठ्या माणसांची होते. आपल्या ओट्यापर्यंत ती येत नाही. त्याऐवजी तुलसीने आपल्याच घरात “आज सूनबाई आधी जेवेल” असं म्हटलं असतं, त्यावर घरात कुणी नाक मुरडलं असतं, चार भाग त्याचं भांडण चाललं असतं, तर? माझी खात्री आहे, पंचवटीतल्या ताटांवर त्याचा परिणाम झाला असता. मालिकेची ताकद भांडणात आहे, भाषणात नाही. एकदा पाहुणा येऊन गेला, की तो विषयही त्याच्याबरोबर निघून जातो.

आणि मोठी माणसंच हवी असतील तर आपल्याकडे ती कमी आहेत का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं ही कामं त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. तिथल्या नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि पुढे तीच पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. आज बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा आशाताई येते, त्याचं मूळ आपल्या गडचिरोलीत आहे. अशी एखादी बाई तुलसीच्या अंगणात आली असती, तर किती शोभलं असतं!

आणखी एक सल आहे. मालिका बघणाऱ्या बायकांच्या पलीकडेही बायका आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याहून पिकअपमध्ये उभ्याने येणाऱ्या मजूर बायकांत पोटुशा असतातच. रात्री साडेदहाला त्या थकून झोपलेल्या असतात. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचं गरम जेवण देणारी अमृत आहार योजना आहे, पण बाई गाव सोडून बागेत राहायला आली तर ते ताट तिच्यामागे येत नाही. तिच्यापर्यंत कुठलाच भाग पोचणार नाही. पोचली तर आशाताई पोचेल, किंवा बागेची मालकीण. आपल्यापैकी काहीजणी त्या मालकिणी आहेत, म्हणून लिहिलं.

तेव्हा मैत्रिणींनो, तो भाग चांगला की वाईट हा वाद आपण घालत राहूच. पण टीव्ही बंद केल्यावरच्या चार गोष्टी सांगते. घरात गर्भवती असेल तर किमान चार तपासण्या व्हायलाच हव्यात. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. चहाबरोबर नको, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घेतली तर बरी. शौचाला काळी होणं हे गोळीमुळेच, त्यात घाबरण्यासारखं नाही, आणि बाळाच्या रंगाचा गोळीशी काही संबंध नाही. मळमळ फार झाली तर गोळी सोडायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. पहिल्या बाळंतपणाला मातृ वंदना योजनेचे पाच हजार, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार मिळतात, त्याचा अर्ज अंगणवाडीत किंवा आशाताईकडे.

आमच्या घरचं सांगायचं तर त्या दुपारी मी भाचेसुनेचं ताट माझ्या शेजारी वाढून घेतलं. वहिनीचं तोंड जरा वाकडं झालं, दोन शब्दही झाले. पण डिसेंबरात तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन साडेनऊवर आलं होतं. अजून पुरेसं नाही, पण वर तर सरकलं! परवा फोनवर वहिनीला म्हटलं, “बघ, तुझ्या बिल गेट्सने काम केलं.” ती म्हणाली, “त्याने कसलं? तुम्ही पंगतीत तमाशा केलात म्हणून.”

असेल तसंही. तुमच्या घरी मालिका कुठलीही लागत असो, आज रात्री फक्त एवढं बघा, शेवटची पोळी कोणाच्या ताटात पडते ते.