प्लास्टिकची गिटार आणि वैदर्भीय खंजिरी : हातात वाद्य आले की काय घडते?

१/ प्लास्टिकची एक छोटी गिटार. तिला तारा नाहीत, पोकळ लाकडाचा नाद नाही. मानेवर पाच रंगीत बटणे आणि पोटाशी एक खटका एवढेच. तरीही ती गळ्यात अडकवताच संकोची माणूससुद्धा खांदे सरळ करून उभा राहतो. याला पोरखेळ म्हणून हसणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. तो मांडण्यासाठी आपल्याला अमेरिका आणि जपान फिरून वर्धा जिल्ह्यातील आष्टीपर्यंत यावे लागेल. #थ्रेड

२/ आधी कालक्रम पाहू. १९९७ साली जपानच्या कोनामीने 'बीटमॅनिया' हा तालाचा खेळ आणला. १९९९ मध्ये त्याच कंपनीचा 'गिटार फ्रीक्स' आला. त्यात गिटारच्या आकाराचे नियंत्रक होते. २००१ मध्ये नामकोने 'ताइको नो तात्सुजिन' आणला आणि लोक काठ्या घेऊन खराखुरा ढोल बडवावा तसे खेळू लागले. २००५ मध्ये अमेरिकेत 'गिटार हिरो' आणि २००७ मध्ये 'रॉक बँड' आला. गिटार, ड्रम आणि माइक यांचा अख्खा वाद्यवृंदच दिवाणखान्यात अवतरला.

३/ या इतिहासात एक लहानशी पण बोलकी नोंद आहे. 'गिटार हिरो' घडवणाऱ्या हार्मोनिक्स कंपनीने त्याआधी २००१ मध्ये 'फ्रीक्वेन्सी' आणि २००३ मध्ये 'ॲम्प्लिट्यूड' हे खेळ काढले होते. सुरावटीचे तुकडे समोरून येतात आणि योग्य क्षणी बटण दाबायचे, ही कल्पना तीच होती. समीक्षकांनी वाखाणले, पण ग्राहक फारसे फिरकले नाहीत. मग तीच कल्पना गिटारच्या आकाराच्या नियंत्रकावर बसवली आणि जग वेडे झाले.

४/ म्हणजे मूळ खेळात आमूलाग्र बदल झाला नव्हता. बदलली होती हातातली वस्तू आणि तिच्यामुळे शरीराची ठेवण. सर्वसाधारण नियंत्रक हातात असताना आपण 'खेळत' असतो. गिटार हातात आली की आपण 'वाजवत' असतो. स्वर निर्माण करण्याचे वर्षानुवर्षांचे कष्ट यंत्राने स्वतःकडे घेतले आणि माणसाकडे फक्त लय ठेवली. नवशिक्याला पहिल्याच दिवशी मैफलीत बसवण्याची ही युक्ती आहे.

५/ 'पण हे खरे संगीत नव्हे!' हा आक्षेप नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत पियानोला आला. छिद्रे पाडलेली कागदी गुंडाळी सूर ठरवी. माणूस पायाने भाता चालवी आणि खटक्यांनी गती कमी-जास्त करी. १९०६ साली जॉन फिलिप सूझा या ख्यातनाम बँडप्रमुखाने यांत्रिक संगीतावर घणाघाती लेख लिहिला. अशा यंत्रांमुळे घरोघरचे हौशी गाणे-वाजवणे मरेल, ही त्याची भीती होती.

६/ आपल्याकडेही असाच एक खटला उभा राहिला. आरोपी होती पेटी! हार्मोनियमच्या ठरीव पट्ट्यांतून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, या कारणांनी १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. शास्त्रीय दृष्टीने आक्षेप पोकळ नव्हता. पण गावोगावच्या भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही. ती सोपी होती, आणि तिच्या आधाराने सामान्य गळाही सुरात राहत होता.

७/ आता विदर्भाकडे येऊ. खंजिरी पाहिली आहे ना? लाकडी कडे, एका बाजूला ताणलेले कातडे आणि खाचांत बसवलेल्या पितळी चकत्या. ती जवळजवळ 'एका बटणाचे' वाद्य आहे. स्वर जुळवायचा नाही, राग ओळखायचा नाही. हाती उरते ती लय. 'गिटार हिरो'ने जे इलेक्ट्रॉनिक्सच्या बळावर साधले, ते खंजिरीने कातड्याच्या एका तुकड्यावर कितीतरी आधी साधले होते.

८/ या साध्या वाद्याला राष्ट्रीय व्यासपीठावर नेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी. त्यांचा जन्म १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. १९३६ मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला आले (तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते) आणि सुमारे महिनाभर राहिले. एका हातात खंजिरी, समोर शेतकरी-शेतमजूर, आणि विषय ग्रामसफाईपासून व्यसनमुक्तीपर्यंत. व्याख्यानाला श्रोते असतात. खंजिरी-भजनाला साथीदार लागतात.

९/ हा फरक किती मोलाचा आहे, हे १९४२ मध्ये दिसले. १६ ऑगस्ट रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे लोक उठले. आष्टीत पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे मृत्युमुखी पडली. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी या परिसरात चेतना पेरली होती. त्याच महिन्यात त्यांना अटक झाली. नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले.

१०/ इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहावे. उठाव एका वाद्यामुळे होत नाही. 'छोडो भारत' ठरावानंतर नेत्यांची झालेली धरपकड, युद्धकाळातील हालअपेष्टा, स्थानिक संघटन अशी अनेक कारणे त्यामागे होती. पण एकत्र ताल धरण्याची सवय असलेले गाव एकत्र पाऊलही अधिक सहज टाकते, असे मला वाटते. सरकारने भजने गाणाऱ्या माणसाला तुरुंगात टाकावे, यातच बरेच काही आले.

११/ वर्ध्याने याच विचाराला शिक्षणाचे रूपही दिले. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने 'नई तालीम'चा आराखडा आखला. त्याच्या केंद्रस्थानी हस्तोद्योग होता आणि अभ्यासक्रमात संगीतालाही जागा होती. हात आधी, पुस्तक मागाहून! प्लास्टिकच्या गिटारचे गारूडही हाताच्या याच भुकेतून जन्मते, हे माझे मत.

१२/ मग खेळ आणि खंजिरी सारखेच का? नाही. 'गिटार हिरो'त तुमचा ठोका चुकला की गिटारचा सूर गप्प होतो, गुण घटतात आणि फारच चुका झाल्या तर गाणे अर्ध्यावर थांबते. भजनात तुमचा ठोका चुकला तर शेजारचा काका नुसता तुमच्याकडे पाहतो आणि आपला टाळ जरा जोरात वाजवतो. गाणे पुढे जातच राहते. यंत्र चूक मोजते, मंडळ चूक सांभाळून घेते.

१३/ दुसरा फरक शिडीचा. प्लास्टिकच्या गिटारवर तुम्ही कितीही निपुण व्हा, ती त्या खेळापलीकडे वाजत नाही. खंजिरीची पहिली पायरी सोपी असली तरी शेवटची पायरी दिसतही नाही. आपल्या विदर्भातच सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून प्रबोधन करतात. दक्षिणेत तिची बहीण 'कंजिरा' कर्नाटक संगीताच्या मैफलीत मानाने बसते.

१४/ आणि तिसरा फरक मालकीचा. २०११ च्या फेब्रुवारीत ॲक्टिव्हिजनने 'गिटार हिरो'चा विभाग बंद केला. कंपनीने पाठ फिरवली आणि ती वाद्ये अडगळीत गेली. खंजिरीचे कातडे फाटले तर नवे चढवता येते; त्यासाठी कुणा कंपनीच्या परवानगीची गरज लागत नाही.

१५/ तरीही मी त्या खेळांच्या बाजूनेच उभा आहे. केवळ ऐकणाऱ्या पिढीला त्यांनी उभे केले आणि हातात काहीतरी दिले. तक्रार करायचीच तर ती आपल्याकडे पाहून करावी. भजनी मंडळाच्या कडेला मोबाइलवर बोटे नाचवणारा मुलगा बेताल नसतो. त्याला तालाचीच ओढ असते. त्याच्या हाती खंजिरी देण्याऐवजी आपण 'आधी शिकून ये' म्हणतो. जे दार प्लास्टिकच्या गिटारने सताड उघडे ठेवले, ते आपण आपल्याच मुलांसाठी लोटून घेतले आहे.

१६/ म्हणून एक विनंती. या वर्षी तुमच्या गावात भजन होईल तेव्हा दोन खंजिऱ्या जास्तीच्या ठेवा, आणि त्या कुणाच्याही हातात द्या. चुकू द्या. सूझाची भीती खोटी पाडण्याचा याहून स्वस्त उपाय मला तरी ठाऊक नाही. तुमच्या गावच्या मंडळात पहिल्यांदा तुमच्या हाती कोणते वाद्य आले होते? खाली जरूर लिहा. (समाप्त)