दाबाची विद्या आणि हाताचा अभ्यास

दहावीचा निकाल लागला कीं सुशिक्षित घरांतून वडीलधाऱ्या मंडळींची बैठक बसते. शास्त्रशाखा कीं वाणिज्य, जळगांव कीं पुणें, एवढाच काय तो वाद असतो. अशा वेळीं एखाद्या मुलानें "मी फिटरच्या वर्गास जातों" असें म्हटलें, तर क्षणभर कोणी बोलत नाहीं. मग काका समजूत घालूं लागतात आणि आई डोळ्यांस पदर लावते. धुळ्याच्या एका गृहस्थांनीं आम्हांस नुकतेंच विचारलें कीं, मुलगा हुशार आहे, तर त्यानें तेलानें माखलेले हात घेऊन घरीं कां यावें? या प्रश्नास एका उदाहरणानें उत्तर द्यावें असें आम्हांस वाटतें. फिटरच्या दोन वर्षांच्या शिक्षणक्रमांत दुसऱ्या वर्षीं हायड्रॉलिक्सची ओळख करून देतात. द्रवाच्या दाबानें यंत्रें चालविण्याची ही विद्या आहे तरी कशी, हें आमच्या वाचकांनीं एकदां नीट पाहावें.

बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला तर तो सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हें तत्त्व फ्रान्समधील पास्कल या पंडितानें मांडलें. त्याविषयींचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं छापला गेला. १ चौरस सेंटिमीटरच्या लहान दट्ट्यावर १० किलो भार दिला, तर त्याच्याशीं नळीनें जोडलेला १०० चौरस सेंटिमीटरचा मोठा दट्ट्या १००० किलो भार तोलून धरतो. मात्र सृष्टींत फुकट कांहींच मिळत नाहीं. मोठा दट्ट्या १ सेंटिमीटर वर यावयाचा, तर लहान दट्ट्यानें १०० सेंटिमीटर खालीं गेलें पाहिजे. याच तत्त्वावरील दाबयंत्राचें पेटंट इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं घेतलें.

खानदेशास ही यंत्रें नवीं नाहींत. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तिकडचा कापूस विलायतेस पोंचेनासा झाला आणि आपल्याकडील कापसास अपूर्व भाव आला. पुढें या भागांत जिन आणि प्रेस उभे राहिले. सरकी काढलेली फुगीर रुई दाबून तिची १७० किलोंची घट्ट गाठ करावयाची, हें काम आज हायड्रॉलिक प्रेसच करतो. दीपनगरच्या वीजकेंद्रासारख्या ठिकाणीं टर्बाइनकडे जाणाऱ्या वाफेचे व्हॉल्व्ह तेलाच्या दाबानें हालतात. जळगांवच्या प्लास्टिकच्या कारखान्यांत पुष्कळ ठिकाणीं सांचे मिटून धरण्यास हाच दाब लागतो. रेल्वेचे जड डबे उचलणारे जॅक आणि शेतांतील ट्रॅक्टरमागचे अवजार वर घेणारे हात हींही याच विद्येचीं लेंकरें होत.

आतां या विद्येंतील खरी अडचण सांगतों. दाब डोळ्यांस दिसत नाहीं. फिरणारें चाक दिसतें, तापलेलें लोखंड लाल दिसतें. परंतु दाबलेल्या तेलानें भरलेली रबरी नळी आणि रिकामी नळी पाहणारास बहुधा सारखीच भासते. मोटारीच्या चाकांतील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २ किलो असतो. कारखान्यांतील हायड्रॉलिक यंत्रांत तो २०० किलोंपर्यंत असणें नवलाचें नाहीं. अशा नळीस सुईच्या अग्राएवढें छिद्र पडलें आणि गळती कोठें आहे हें पाहण्यास कोणी हात फिरविला, तर तेलाची ती बारीक धार कातडी भेदून आंत शिरते. बाहेर टांचणी टोंचल्याएवढीच खूण दिसते, प्रथम वेदनाही फारशी होत नाहीं, आणि माणूस हात पुसून पुन्हां कामास लागतो. तेल आंत पसरत राहतें. शस्त्रक्रियेस विलंब झाला तर बोट, प्रसंगीं हातही गमवावा लागतो. म्हणून गळती हातानें कधींही पाहूं नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. आणि अशी टोंच लागलीच, तर दुखत नसलें तरी तत्काळ इस्पितळांत जाऊन दाबाचें तेल शिरल्याचें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें.

हें सर्व पुस्तकांत लिहिलेलें असतें. पण मोटर बंद केल्यावरही नळींत व ॲक्युम्युलेटरमध्यें दाब कोंडलेला राहतो, हें वाचणें निराळें आणि ऐन घाईच्या वेळीं आठवणें निराळें. भार जमिनीवर टेकविणें, चालू करण्याच्या कळीस कुलूप घालणें, कोंडलेला दाब सोडणें, गेजचा कांटा शून्यावर आलेला पाहणें आणि त्यानंतरच पान्यास हात लावणें, हा क्रम अंगवळणीं पडावा लागतो. तो शंभर वेळां हातानें केल्यावांचून पडत नाहीं.

आमच्या पूर्वजांस ही गोष्ट चांगली ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत योग्यासूत्रीय नांवाचा नववा अध्याय आहे. योग्या म्हणजे हाताचा सराव. कितीही शास्त्र ऐकलेला शिष्य असला तरी सरावावांचून तो कर्मास अपात्रच, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. म्हणून शिष्यानें छेदनाचा अभ्यास कोहळा, भोपळा, काकडी यांवर करावा आणि भेदनाचा पाणी व चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर. रोग्याच्या देहावर पहिला प्रयोग करूं नये, हा त्यांतील दयाभाव.

हायड्रॉलिक्सच्या वर्गांतील सरावाचें मेज म्हणजे आजच्या कारागिराचा कोहळाच होय. त्यावर पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर आणि गेज मांडलेले असतात. विद्यार्थी नकाशा वाचून नळ्या स्वतः जोडतो, दाब वाढवितो, दट्ट्या हालवून पाहतो. चांगला शिक्षक मुद्दाम एखादा दोष घालून ठेवतो आणि तो शोधावयास सांगतो. येथील चूक कमी दाबावर, शिक्षकाच्या नजरेखालीं घडते. तीच कारखान्यांत घडली तर त्याची किंमत हातानें द्यावी लागते. शिक्षक कसा असावा याविषयीं कालिदासानें मालविकाग्निमित्रांत परिव्राजिकेच्या मुखानें मोठा मार्मिक निवाडा दिला आहे: कोणास स्वतः करतां येतें, कोणास दुसऱ्यास शिकवितां येतें, दोन्ही ज्याच्या ठायीं असेल तोच शिक्षकांत अग्रगण्य.

सरकारची ही कारागीर-प्रशिक्षणाची योजना १९५० सालीं सुरू झाली आणि कारखान्यांतील उमेदवारीचा कायदा १९६१ सालीं झाला. जळगांव, भुसावळ, धुळें येथें सरकारी आयटीआय आहेत. मुलींसही तेथें प्रवेश आहे. पण केवळ पाटी पाहून मुलास घालूं नये. बापानें स्वतः कार्यशाळेंत जाऊन तीन गोष्टी विचाराव्या: सरावाचें मेज चालू स्थितींत आहे काय? एका मेजावर किती मुलें असतात? शिक्षकानें स्वतः कारखान्यांत काम केलें आहे काय? मेजावर धूळ असेल तर तेथील प्रमाणपत्रासही धूळच समजावी.

धुळ्याच्या त्या गृहस्थांस आमचें उत्तर एवढेंच कीं, मुलगा हुशार आहे म्हणूनच त्यास जाऊं द्यावें. न दिसणारा दाब मनानें ओळखावा लागतो, नकाशा वाचावा लागतो, गणित करावें लागतें, आणि इतकें करूनही घाईच्या वेळीं धीर धरून कांटा शून्यावर येईपर्यंत थांबावें लागतें. हें मंद बुद्धीचें काम नव्हे. शास्त्र एका घरीं आणि हात दुसऱ्या घरीं अशी वांटणी आपण फार दिवस केली; तिच्यामुळें शास्त्र पांगळें झालें आणि हात आंधळा राहिला. मुलगा संध्याकाळीं तेलानें माखलेले हात घेऊन आला, तर आईनें त्यास साबण द्यावा, आणि हाताचीं दहाही बोटें शाबूत आहेत हें पाहून समाधान मानावें. शिक्षण चांगलें चाललें आहे, याची ती पहिली खूण.